इळा पोळ, मुक्काम डंडी

माझ्या नावात एक ळ, आडनावात एक.
नोंदवहीत शिरताना दोन्ही
दारातच गळून पडले.

फेब्रुवारी, एकोणीसशे त्र्याहत्तर. कचेरीत
बाबांनी इंग्रजीत लिहून दिलं. तीनच अक्षरं.
पहिलं थोरलं आय, दुसरं धाकटं एल,
छापलं की दोन सारख्याच काठ्या
आणि त्यांना टेकून बसलेला एक ए.
कारकुनाने विचारलं, ही आद्याक्षरं आहेत
की एवढंच नाव?

बाबा भूल देणारे डॉक्टर, स्वतः शब्दकोशात जागणारे.
इळा म्हणजे पृथ्वी, इळा म्हणजे वाणी.
वाळव्याहून आत्याचं पत्र आलं:
पोरीचं नाव इळा? बरं.
पुढच्या पोराचं खुरपं ठेवा.

शाळेत बाई हजेरी घ्यायच्या: आयला पॉल.
आईने एकदा दारातून ऐकलं, पदर तोंडाला लावला.
रस्त्यात म्हणाली, अगं, रोज सकाळी
भर वर्गात तुला आयला म्हणतात
आणि तू हात वर करतेस?

अर्जावर, फोनवर मी अगदी इथलीच,
उत्तरेकडच्या कुणा कोळ्याची नात.
समोर उभी राहिले की लोक
माझ्या खांद्यावरून मागे बघायचे,
ती आयला पॉल कधी येतेय म्हणून.

फक्त एफी. जेवणाच्या रांगेत कस्टर्ड वाढायची.
पळी हवेतच थांबवून म्हणाली, पुन्हा म्हण बघू.
मग तिने म्हटलं. ळ नव्हता तो,
पण ळच्या शेजारच्या घरातला होता,
जाडसर, ओला.
ती लुईस बेटावरची, घरी गेलिक बोलणारी.
मीही एफी नाही गं, म्हणाली. अयरिक.
कागदावर लिहून दाखवलं: सात अक्षरं,
त्यातली तीन नुसती बघ्याची.
मग एफी कशाला?
तागाच्या गिरणीत मुकादमाला सोपं जावं म्हणून.

ब्रॉटी फेरीला समुद्रकाठच्या दुकानात
नावांच्या किल्लीसाखळ्यांचं एक फिरतं झाड असायचं.
दर उन्हाळ्यात मी ते कुरकुरत फिरवायची.
आयोना, आयरीन, मग एकदम जॅकलिन.

पुढे काय वारं फिरलं कोण जाणे.
माझी चाळिशी आली तोवर
बागेत कुणी आयला म्हणून ओरडलं
की चार चिमुरड्या वळायच्या
आणि पाचवी मी.
पूर्वी लोक अडखळत चुकायचे,
आता बिनदिक्कत चुकतात.
किती आजच्या मुलींसारखं नाव तुमचं,
दवाखान्यातली पोरगी म्हणाली,
फक्त एक एस राहिलाय, मी घालून घेते हं.
झाडावर आता एका खुंटीला नऊ साखळ्या असतात.
एक आणली होती. कुठल्याच किल्लीला लावली नाही.

आईला जाऊन तीन वर्षं झाली.
म्हणजे तीन वर्षांत मला कुणी हाक मारलेली नाही.

परवा लेक पोटावर हात ठेवून म्हणाली,
मुलगी आहे. तुझंच नाव ठेवतोय.
फक्त मध्ये एक एस. तिला जन्मभर
समजावत बसायला नको.
एस, ज्याचा उच्चारच नाही.
मी म्हटलं, ठेवा.
कॅलमने चहा केला, सगळे हसलो, केक चांगला होता.

रात्री न्हाणीघरात आरशापुढे तोंड उघडलं.
आई शिकवायची तसं,
जीभ मागं वळव, टाळूला टेकव, आता सोड.
दिव्याखाली बघितलं तर वळलेली जीभ
हुबेहूब आत्याच्या इळ्यासारखी,
तशीच आतून वाकलेली.
धार आहे अजून.

नात जूनमध्ये येईल.
तोवर परजून ठेवते.